जमिनीवरच्या पोळ्या

महालक्ष्म्यांच्या दिवशी माझ्या माहेरी, धारला, पुरणपोळ्या जमिनीवर बसूनच व्हायच्या. शेगडी खाली घ्यायची, वहिनी लाटणार, मी भाजणार. समोरासमोर बसून वर्षभराचं बोलणं व्हायचं. सासरचं, पोराबाळांचं, आणि दादाच्या नावानं बोटं मोडणं तर हमखास. मग माझी कंबर गेली. खाली बसलं की उठवेना. सणाला धारला जाणंच सुटलं, आणि दर भादव्यात मी सासरी, देवासला, पट्टा बांधून आडवी.

सगळे म्हणायचे, आराम करा. मी केला, अगदी मनापासून! त्यानं कंबर आणखीच आखडली. शेवटी लेकीनं धरून फिजिओथेरपीला नेलं. तिथली डॉक्टरीण लेकीहून लहान. तुम्हाला काय करता यायला हवंय, असं तिनं विचारलं. म्हटलं, मांडी घालून पोळ्या भाजायच्यात. ती हसली नाही, म्हणून बरी वाटली.

पाठीवर निजून गुडघे मुडपायचे नि कंबर उचलायची. रांगत्या बाळासारखं होऊन पाठ वर-खाली करायची. मग पाटांच्या चवडीवर बसायचं आणि जमेल तसा एकेक पाट कमी करायचा. जरा दुखलं की मी थांबायची. ती म्हणायची, "आंटी, दुखना मतलब बिगड़ना नहीं होता." त्यात मी उपासाच्या दिवशी व्यायाम करत नसे. पोटात अन्न नाही, अंग कशाला ताणायचं? चतुर्थी, एकादशी, प्रदोष, वर गुरुवार. हे कळल्यावर तिनं कपाळालाच हात लावला. देवाला तुमची कंबर नकोय, म्हणाली. मी चिडले, पण पुढच्या गुरुवारी निमूट सतरंजी घातली.

यंदा शेवटचा पाट निघाला. जमिनीवर नीट मांडी घातली आणि मला रडू आलं. वहिनींना फोनवर काही बोलले नाही. एकदम समोर जाऊन बसायचं होतं.

धारला पोचते तर स्वयंपाकघरच बदललेलं. उंच ओटा, त्यात पक्की बसवलेली शेगडी, पोळपाटसुद्धा वरच. माझं डोकंच फिरलं. ज्या जागेसाठी एवढी कण्हले, ती यांनी काढून टाकली होती. तसं बोलूनही दाखवलं.

वहिनी कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही येईनात. समोर कुणी नसताना खाली बसून पाहिलं मी. नाही बसवलं." मग कणकेला तेलाचा हात लावत म्हणाल्या, "आता तर गुडघेही वाकत नाहीत."

पोळ्या उभ्यानंच झाल्या. त्या लाटत होत्या, मी भाजत होते, दोघींची तोंडं भिंतीकडे. शेजारी उभ्या होत्या, तरी मला त्यांची आठवण येत होती. उभं राहून कंबर ठणकायला लागली. कळलं असतं तर त्यांनी उलथनं काढून घेऊन मला पलंगावर निजवलं असतं. म्हणून शेवटची पोळी उतरेपर्यंत मी हूं की चूं केलं नाही.