प्रश्नचिन्हांखालचे शब्द

“आधी त्याले अक्षर सांगा बाई, मंग कामाले लावा.”

त्याले म्हणजे कॉम्प्युटरला. हे म्हणणारा भाऊ एटापल्ली तालुक्यातल्या आमच्या आश्रमशाळेत ऑपरेटर होता, मी मराठी शिकवायचे. नवा डेटाबेस उघडला की तो आधी देवनागरीला चालेल असा अक्षरसंच निवडायचा, मग शब्द कोणत्या क्रमानं लावायचे ते ठरवायचा, आणि त्यानंतरच पहिलं नाव टाकायचा. मला मेलीला कायम घाई. “अहो भाऊ, हजेरीपट करायचाय, लग्नपत्रिका नाही!” असं मी म्हटलं की तो गालात हसायचा.

एकदा हजेरीत काळे आधी आणि कावळे नंतर आला. तुम्ही-मी सोडून दिलं असतं. हा दोन दिवस डोकं धरून बसला. “तुमच्या मुळाक्षरात ळ कुठी येते? ‘ह’च्या मागून. मंग हा बेटा त्याले ‘ल’च्या बाजूले काऊन बसवून राह्यला?” शेवटी त्यानं क्रमाचा नियम स्वतः लिहिला, कावळेला पुढे आणलं आणि सगळ्या स्टाफला चहा पाजला.

ही सगळी खटपट त्याच्या आईसाठी होती, हे मला उशिरा कळलं. आई माडिया बोलणारी. रविवारी तो तिला शाळेत आणायचा. खुर्ची दिली तरी ती जमिनीवरच बसायची. झाडांची, पाखरांची, पावसाच्या तऱ्हांची नावं सांगायची, आणि तो ती तिथल्या तिथे देवनागरीत टाकायचा, शेजारी मराठी अर्थ. वही केली नाही. “कागदाले वाळवी लागते जी.” आई गेल्यावर त्यानं सगळे शब्द क्रमानं लावून एकेकाला नंबर दिला. त्यातले कितीतरी शब्द आता गावात कुणी बोलत नव्हतं. ते फक्त त्या यादीत होते.

मग त्याच्या किडन्या गेल्या, तो नागपूरला दवाखान्यात पडला. इकडे शाळेत नवा कॉम्प्युटर आला आणि जुना न्यायला गाडी दारात उभी राहिली. फोनवर तो म्हणाला, “थांबा बाई, मी सांगतो तसं करा.” मी थांबले नाही. मी शहाणी! यादी नव्या मशीनवर टाकली, ओळी मोजल्या, बरोबर भरल्या. पेनड्राइव्हवरच्या त्याच्या प्रतीवरही हीच नवी प्रत चढवली आणि जुनं मशीन पुसून देऊन टाकलं. नंतर यादी उघडली, तर नंबर जागेवर आणि शब्दांच्या, अर्थांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. अक्षरसंच निवडायचाच राहिला होता.

चार दिवस मी त्याला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी त्याचाच फोन आला. “मायचा एखादा शब्द वाचून दाखवा ना. मन लागून नाई राह्यलं.”

मी यादी उघडली आणि नुसते नंबरच वाचत सुटले.

“प्रश्नचिन्हं झाली का?”

“हो भाऊ.”

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो! “रडू नका,” तो म्हणाला. “मोजा. किती हायेत?”

काना-मात्रा धरून प्रत्येक चिन्हाचं एक प्रश्नचिन्ह झालं होतं. त्यातून नंबर मुळाक्षरांच्या क्रमानं दिलेले, म्हणून शब्द साधारण कोणत्या अक्षराचा तेही त्याला कळायचं. मी नंबर आणि आकडा सांगायचे, तो पुटपुटत शोधायचा, सापडला की ओरडायचा, “लिहा!” रोज दुपारी तीन-चार शब्द परत यायचे. आवाज मात्र रोज बारीक होत होता, आणि मी मेली पुढचा नंबर सांगतच होते.

एका ओळीवर तो अडला. सात चिन्हं. “पाऊस उघडला का, माय हा शब्द म्हणे. जिभेवर हाय बाई. उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी फोन आला तो त्याच्या बायकोचा. ती आरमोरीकडची. तो सकाळीच गेला होता.

“जाताना एकच शब्द म्हणून राह्यले होते जी,” ती म्हणाली. “‘बाईले सांग, बाईले सांग,’ असं तीनदा म्हणाले. मले त्याईची बोली येत नाई. लय ध्यानात ठेवून पाह्यलं, पण सुटला. मले माफ करा बाई.”

मी “असू दे” म्हणाले. चूक कुणाची होती, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.