आबांचा भाता

कोळसा पेटल्याचा वास आला की मला न्हावऱ्याच्या शाळेतलं माझं पहिलं वर्ष आठवतं. नुकतीच लग्न होऊन आलेली मी विज्ञान शिकवायचे. काळ्या कॉपर ऑक्साइडमध्ये कोळशाची पूड मिसळून तापवली की लाल तांबं दिसेल, असं मी दहावीच्या मुलांना छातीठोकपणे सांगितलं होतं. स्पिरिटच्या दिव्यावर अर्धा तास तापवूनही भुकटी काळीच राहिली आणि मुलं हसली. घरी आल्यावर मला जेवण जाईना. सासरे, म्हणजे आबा, लोहारकाम करायचे. सुनेची नोकरी त्यांना फारशी पटलेली नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुमचा जाळ लई मवाळ हाय. उद्या मी येतो." दुसऱ्या दिवशी ते खरंच हातभाता घेऊन शाळेच्या पटांगणात आले. तीच काळी भुकटी भरून झाकण लावलेली मूस निखाऱ्यांत ठेवून त्यांनी भाता फुंकला, आणि मलाच बजावलं, "गार होऊस्तोवर उघडायचं न्हाई. हवा लागली की परत काळं पडंल." झाकण काढलं तेव्हा तळाशी तांब्याचे लाल कण चमकत होते. हे कसं झालं, असं एका मुलीनं विचारलं. मी बोलणार तेवढ्यात आबाच म्हणाले, "कोळसा त्यातला ऑक्सिजन घिऊन जातो, मंग तांबं मोकळं हुतं. आमच्या बाईंनी सांगितलंय मला." आज आबा नाहीत. गावातली दोन पिढ्यांची मुलं मला बाई म्हणतात, पण मी खरी बाई झाले ती त्या दुपारी, आबांच्या तोंडून.