वहिनींच्या हॉलमध्ये धुतलेला शर्ट

"भाऊ, शर्ट काढता का जरा?"

वहिनी हसून म्हणाल्या. कॉलेज रोडवरच्या फ्लॅटचा हॉल. वीस-पंचवीस माणसं. सोफ्यावर बँकेतल्या बाया, एक डॉक्टरीणबाई, कोणी क्लासवाले. खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून, मी आणि माझा बाप.

बाबांनी शर्ट काढला. लगेच. कामावरची ऑर्डर असल्यासारखा. बनियनला काखेत भोक होतं. ते हाताने झाकलं आणि हसले.

वहिनींनी कॉलर दोन बोटांत धरली. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात चमचाभर पावडर. "आता बघा हं गंमत." कॉलर चोळली. पाणी काळं झालं. ते भांडं घेऊन त्या सोफ्यापुढून फिरल्या. एकेकीला दाखवलं.

"ईऽऽ, केवढा मळ!"

मग टाळ्या.

तो मळ नव्हता. लोखंड होतं. माझा बाप सातपूरच्या एका कारखान्यात फेटलिंगला होता. ओतून आलेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरने घासायच्या. आठ तास काळी भुकटी उडायची आणि मानेवर बसायची. आणि हा फ्लॅट ज्यांचा, ते वहिनींचे यजमान त्याच कारखान्यातले पर्सोनेलचे साहेब, कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं ते बघणारे. दारात उभे राहून तेही टाळ्या वाजवत होते.

मी एकोणीस वर्षांची. कॉलेजात जाणारी. एक शब्द बोलले नाही. का नाही बोलले ते आधी सांगते. घाबरले होते.

त्या वर्षी यादी लागणार होती. किती माणसं कमी करणार, कुठल्या खात्यातली, कोणालाच ठाऊक नाही. गेटवर काचेच्या पेटीत नोटीस बोर्ड. बाबा पहिल्या पाळीला तासभर आधी जायचे, बोर्ड बघायला. अंगात ताप असला तरी जायचे. वॉचमनलाही नमस्कार करायला लागले होते. युनियनची पावती त्यांनी खिशातून काढली आणि पिठाच्या डब्यात लपवली. घरात कोणी आमच्यावर पाळत ठेवून नव्हतं. तरी आम्ही हळू बोलायचो. दार वाजलं की आई आधी बाबांकडे बघायची, मग कडी काढायची.

आम्ही पेठकडचे. डोंगरातले. बाबा सातपूरला आले तेव्हा त्यांना या गावात कोणी ओळखत नव्हतं. गेटपासच काय ती ओळख. तो गेला तर आपण कोण, ही भीती होती. फक्त पगाराची नव्हती.

आणि एक दिवस कँटीनमध्ये साहेब स्वतः बाबांच्या बाकाजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. "तब्येत कशी आहे? पोरगी काय शिकते तुमची?" नोकरीचं नाव नाही. यादीचं नाव नाही. "रविवारी घरी या. वहिनींनी एक नवीन उपक्रम सुरू केलाय. पोरीलाही आणा."

बाबा घरी आले ते वेगळेच. "सोळा वर्षांत पहिल्यांदा हात ठेवला साहेबांनी," आईला म्हणाले. "वाचलो आपण."

म्हणून शर्ट निघाला. म्हणून मी गप्प.

टाळ्या झाल्यावर वहिनी आमच्याजवळ येऊन बसल्या. आवाज एकदम मऊ. "भाऊ, मी तुम्हाला काही विकत नाहीये. संधी देतेय. उद्याचं कोणी पाहिलंय? आणि तुमच्या लोकांचं कसं, एकमेकांवर विश्वास फार. तुम्ही शब्द टाकला की दहा घरं उघडतील." बाबांनी मान हलवली. किट घेतलं, घरोघर विकायला आणि विकणारी नवी माणसं जोडायला. पावडर, साबण, कसलंसं तेल, आणि एक मराठी पुस्तिका. ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला त्यांनी. बाबा बनियनवर, वरून माझी ओढणी गुंडाळून, बसने घरी आले.

पुस्तिका वाचायचं काम माझं. बाबांना अक्षरं जुळवायला वेळ लागायचा. मी मोठ्याने वाचत होते. एका पानावर आले आणि थांबले. लिहिलं होतं: ज्याची नोकरी धोक्यात आहे त्याच्याकडे आधी जा. नोकरीचा विषय आपण काढू नका. तब्येत विचारा. मुलांचं शिक्षण विचारा. खांद्यावर हात ठेवा. बाकीचं तो स्वतः बोलेल.

बाबांकडे बघितलं. ते खूश होते.

"बघ! साहेबांनी अगदी असंच केलं ना? पुस्तकाप्रमाणे वागणारा माणूस आहे."

यादी नवऱ्याच्या टेबलावर. पावडर बायकोच्या हातात. कोण घाबरलंय हे साहेबांना विचारायची गरजच नव्हती. त्यांनीच घाबरवलं होतं. मला त्या दिवशी हे सगळं दिसलं. आणि तरी मी बाबांबरोबर गेले.

रशीदचाचांकडे गेलो. बाबांच्याच खात्यातले, मूळचे मालेगावचे. श्रमिकनगरला एक खोली. बाबांच्या हातात साहेबांच्या घरची पिशवी दिसली तसे चाचा उभेच राहिले. "साहेबांनी पाठवलं काय? यादीत माझं नाव आलं काय?" माझ्या बापाला बघून कोणी घाबरलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

बाबांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणाले, "चाची, तब्येत कशी आहे?"

हो. मी म्हणाले. तोच आवाज काढला. मऊ.

चाचीने पावडरीकडे बघितलंही नाही. माझा हात धरला. "बेटी, तू शिकलेली हायेस. खरं सांग. हे घेतलं तर यादीतून यांचं नाव निघंल ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "माहीत नाही, चाची. असं कोणी म्हटलेलं नाही."

रस्त्यावर आल्यावर बाबांनी दंड धरला माझा. "गप राहायला काय झालं तुला? आधी आपलं नाव निघू दे. मग त्यांचं बघू."

साधा माणूस माझा बाप. कोणाचं वाईट चिंतलं नाही त्याने. पण भीतीने त्याच्या तोंडून हे वदवलं.

तरी पुढच्या रविवारी चाचा-चाची वहिनींच्या हॉलमध्ये आलेच. इस्त्री केलेले कपडे घालून. आमच्याच सतरंजीवर बसले. या वेळी तिथे कारखान्यातली आणखी काही घरं होती. वहिनींनी पाणी भरलं, पावडर घेतली, नजर फिरवली आणि चाचांवर थांबल्या.

"चाचा, जरा शर्ट..."

चाचांचा हात वरच्या बटणावर गेला. आणि मी उभी राहिले.

"बटण लावा, चाचा."

बाबांनी ओढणी ओढली. "बस खाली, पोरी. पाया पडतो."

मी दाराकडे बघितलं. साहेब आजही तिथेच उभे होते. "साहेब, इथे आलं की नाव यादीतून निघतं का? हो की नाही, तेवढंच सांगा."

वहिनी म्हणाल्या, "अगं, इथे असं निगेटिव्ह नाही बोलायचं."

"तुम्हाला नाही विचारलं, वहिनी. यादी तुमच्याकडे नाही."

साहेब हसले. मग हसू आवरलं. सोफ्यावरची माणसं त्यांच्याकडे बघत होती, तेव्हा उत्तर द्यावंच लागलं. "काहीही संबंध नाही. कोण म्हणालं तुम्हाला?"

कोणीच म्हणालं नव्हतं. तीच तर कारागिरी होती. आम्ही आपल्या भीतीने ऐकलं होतं.

चाची उठली. "चला जी," चाचांना म्हणाली. तिच्या मागे सतरंजीवरची आणखी दोन घरं उठली. बाबा बसून राहिले. साहेबांकडे बघत.

आठ-दहा दिवसांनी यादी लागली. बाबांचं नाव होतं. चाचांचं होतं. आणि जे सतरंजीवर बसून राहिले, पावडर विकत राहिले, त्यातल्याही कितीतरी जणांची होती.

बाबा कितीतरी महिने माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एकच वाक्य. "तू उभी राहिली नसतीस तर?"

मला माहीत नाही, बाबा. आजही नाही. या प्रश्नाची मला आजही भीती वाटते. ज्यांना असं कधीच वाटत नाही त्यांनी मला धीटपणा शिकवू नये.

आता मी सातपूरच्या गेटांवर पत्रकं वाटते. वॉचमन हाकलतात. कामगार पत्रक घेतात आणि न वाचता घडी करतात. बाबांसारखेच, मान खाली. मी त्यांना संधी देत नाही, आशाही देत नाही. एवढंच सांगते: जो तुमच्या पोटावर पाय ठेवू शकतो, तो गोड बोलायला लागला की दहा माणसांच्या देखत विचारा. हो की नाही? उत्तर सगळ्यांना ऐकू येऊ द्या.

तुम्हाला भीती वाटेल. मलाही वाटते. तुम्ही नाही विचारलंत तर मी विचारणार. आणि उभं राहूनच विचारणार.