सरासरीने गाडी मिळत नाही

आधीच सांगून टाकते, मला कॉम्प्युटरची आवडबिवड काही नव्हती. बी.एस्सी. झाले, घरच्यांनी एका क्लासला घातलं आणि ठाण्याच्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत चिकटले. तिथे कॉम्प्युटर विभाग म्हणजे साहेब, मी आणि सदा आजारी असणारा एक प्रिंटर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बँकेच्या रेकॉर्ड रूमला वाळवी लागली. कर्जाची जुनी कागदपत्रं पोखरून निघाली तेव्हा संचालकांचे डोळे उघडले आणि ठरलं, की यापुढे सगळे कागद स्कॅन करून मशीनमध्ये ठेवायचे. आम्ही दहा अर्ज करून जे झालं नव्हतं, ते वाळवीने करून दाखवलं.

सॉफ्टवेअर आलं, त्याबरोबर विटेएवढं जाड पुस्तक आलं. सर्व्हर किती घ्यायचे, कोणतं काम कोणत्या मशीनवर टाकायचं, मेमरी किती, डिस्क किती, हा सगळा आराखडा इन्स्टॉलेशनच्या आधी कागदावर करायचा होता. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच करा."

माझं अक्षर खरंच चांगलं आहे. केलं मी.

पुस्तकातला हिशेब सरळ होता. दिवसभरात किती कागद येतात ते काढा, कामाच्या तासांनी भागा, म्हणजे तासाला किती ते कळेल. त्यावरून सर्व्हर ठरवा. आमच्या सरासरीला एक सर्व्हर पुरून उरत होता. स्कॅन केलेलं चित्र घेणं, ते दाबून लहान करणं, खातेक्रमांकाची नोंद करणं, मग मोठ्या ऑप्टिकल डिस्कवर लिहिणं, सगळं त्यानेच करायचं. साहेबांनी आराखड्यावर झोकात सही केली आणि चाचणी सुरू झाली.

दिवसभर झकास चाललं. स्कॅनिंगला आम्ही पाचजणी होतो. चौघी कल्याण-डोंबिवलीच्या आणि एक ठाण्याच्याच कोळीवाड्यातली. गप्पा मारत, कागदांच्या टाचण्या काढत, आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे स्कॅन केले. पण सर्व्हरकडे मात्र एकही कागद पाठवला नाही. कारण बँकेतल्या माणसाला एक खोड असते, दिवसअखेर सगळं जुळल्याशिवाय तो हातातलं पान पुढे सरकवत नाही. साडेपाचला साहेबांनी गठ्ठे आणि स्क्रीन ताडून पाहिले, "हं, पाठवा" म्हणाले आणि पाचही जणींनी एकदम बटण दाबलं.

सर्व्हरने मान टाकली. स्क्रीनवर ते वाळूचं घड्याळ आलं आणि जागचं हलेना. मशीन बंद करावं तर दिवसाचं काम पाण्यात. कागद पोचल्याची ओळ येईपर्यंत बसून राहावं तर सहा वाजून सात मिनिटांची, आमची सहा-सातची गाडी चुकते. कोळीवाड्यातली माझी मैत्रीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिची आई संध्याकाळी मासळीबाजारात म्हावरं घेऊन बसायची आणि ही सुटली की तिच्या मदतीला जायची. ती चिडली की तिच्या तोंडी घरची बोली यायची. "तुमची गाडी जाते, माझी गिऱ्हाइकं जातान! या डबड्याला सांगा कुणीतरी!"

आणि माझी लेक डोंबिवलीत पाळणाघरात होती.

तेव्हा ती साडेतीन वर्षांची. सासूबाई गावी, नवरा मुंबईला फोर्टात नोकरीला, त्याला घरी यायला नऊ. पाळणाघराच्या काकू माणूस म्हणून सोन्यासारख्या, पण त्यांचा एक नियम होता. "सातनंतर माझं घर माझं." त्या दिवशी मी धापा टाकत पोचले तेव्हा सात केव्हाच वाजून गेले होते. लेक दारात बसलेली. पायात बूट, खांद्याला दप्तर, डोळे जिन्याकडे. काकू म्हणाल्या, "सहापासून अशीच बसलीय. कोणाचंही पाऊल वाजलं की उठते. खात नाही, खेळत नाही."

आठवडाभर हेच चाललं. रोज संध्याकाळी वाळूचं घड्याळ, रोज चुकलेली गाडी, रोज ते दप्तर. शनिवारी काकूंनी मला आत बोलावलं. "राग मानू नका. पण हे रोजचंच होणार असेल तर पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघा." दुसरीकडे कुठे? आमच्या भागात सहानंतर मूल ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं. घरी येऊन मी रडले, खोटं कशाला बोलू? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "बघू." ह्यांचं "बघू" म्हणजे "तूच बघ". नोकरी सोडावी लागणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि ती सोडायला कारण कोण, तर मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेला आराखडा!

रविवारी सकाळी पाणी आलं. त्या काळात डोंबिवलीत पाणी यायचं म्हणजे पाहुणा यायचा, तोही घाईतला. सगळी बिल्डिंग एकदम नळाला लागायची आणि धार करंगळीएवढी व्हायची. मी मोरीतलं पिंप नळाखाली सरकवलं. माठ, हंडा, कळशी, सगळं नंतर. आधी जेवढं येतंय तेवढं पिंपात घ्यायचं आणि मग पाणी गेल्यावर निवांतपणे फडक्याने गाळून भरत बसायचं. नळ चालू असताना कोणी गाळत बसतं का? बसलं तर शेजारीणसुद्धा वेड्यात काढेल.

आणि मी तशीच तांब्या हातात धरून उभी राहिले. अगं बाई! आमचा सर्व्हर नळ चालू असताना गाळत बसला होता की!

सोमवारी साहेबांसमोर नवीन कागद ठेवला. आम्ही आणि सर्व्हर यांच्या मध्ये एक मशीन घालायचं. आम्ही पाठवलेलं सगळं त्याने जसंच्या तसं फक्त घेऊन ठेवायचं. दाबणं, नोंदी करणं, डिस्कवर लिहिणं काही नाही. आम्ही घरी गेलो की मग त्याने मोठ्या सर्व्हरला सावकाश, झेपेल तेवढं देत राहायचं. सबंध रात्र पडलीय.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण पुस्तकात तर एकच सर्व्हर पुरतो म्हणतात."

"पुस्तकात दिवसभराची सरासरी धरलीय, साहेब. आपण सगळं एकदम पाठवतो."

"मग थोडं थोडं पाठवा."

"जुळल्याशिवाय?"

साहेबांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. हयात बँकेत गेलेला माणूस, न जुळलेलं पुढे पाठवा असं त्यांच्या तोंडून निघालं नसतं. तरीही म्हणाले, "सरासरी म्हणजे काही चूक नसते, मॅडम."

"नसेल. पण सरासरीने गाडी मिळत नाही," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. बाहेर टाचण्या काढणाऱ्या चौघींचे हात थांबले.

साहेब स्वतः कल्याणचे. कागद स्वतःकडे ओढून ते हसले. "ते कोपऱ्यात पडून असलेलं जुनं मशीन आहे ना, ते घ्या. पण हेही बसलं, तर काम संपेपर्यंत रोज थांबावं लागेल. मग माझ्याकडे यायचं नाही."

ते जुनं मशीन साफ करताना त्यातून एक मेलेलं झुरळ निघालं. मोठ्या सर्व्हरमधली थोडी मेमरी कमी करून मी या मशीनला दिली, त्याची डिस्क रिकामी केली, केबल ओढली. कोळीवाड्यातल्या मैत्रिणीने त्याच्या डोक्यावर खडूने "पिंप" असं लिहून ठेवलं. साहेबांनी पाहिलं, पण पुसायला लावलं नाही. तेव्हा मला हा माणूस एकदम आवडला.

त्या संध्याकाळी साडेपाचला "पाठवा" म्हटल्यावर आम्ही पाचजणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बटण दाबलं. वाळूचं घड्याळ आलं. घड्याळ गेलं. स्क्रीनवर "मिळाले" अशा अर्थाची ओळ आली. पाचही स्क्रीनवर. "चला गं!" कोणीतरी ओरडलं आणि पर्सा उचलल्या गेल्या. मी डोंबिवलीत उतरले, भाजीही घेतली नाही, आणि सातच्या आत जिना चढले. लेक बूट-दप्तरासकट माझ्या अंगावर येऊन आदळली. सकाळी बँकेत जाऊन पाहिलं, तर पिंप रिकामं आणि डिस्कवर सगळे कागद आपापल्या जागी.

मग ते रोजचं झालं. रोज सहा-सातची, रोज सातच्या आत. काकूंनी पुढच्या महिन्याचा विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. मशीनचं कोणी कौतुक करेनासं झालं, आणि कॉम्प्युटरच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नसतं.

महिना-दीड महिन्याने असेल. मी नेहमीसारखी जिना चढून गेले. दारात कोणी नव्हतं. आत डोकावले तर दप्तर खुंटीला, बूट कोपऱ्यात एकावर एक पडलेले, आणि लेक दाराकडे पाठ करून भातुकली मांडून बसलेली. दोनदा हाक मारली तेव्हा तिने मान वळवली. कपाळाला आठ्या.

"आई, तू एवढ्या लवकर का आलीस? आमचा भात अजून शिजायचाय."

माझे डोळे भरून आले, आणि हसूही येत होतं. काकूंनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "सातला अवकाश आहे अजून."

मी चपला काढल्या आणि भात शिजेपर्यंत बसले.