वहिनींचा उरलेला कान

हे सांगणं मी कित्येक वर्षं टाळलं. वहिनी गेल्या तेव्हा सगळे त्यांच्याबद्दल बोलले. मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

शालिनीवहिनी मिरकरवाडा बंदरावर मासळी विकायच्या. बोललेलं त्यांना कळत नसे, पण जाड, घुमणारे आवाज पोहोचायचे. माझा घोगरा आवाजही. दर्याकडे पाठ करून बसलेल्या असतानाच म्हणायच्या, "परकाश आला." प्रकाश त्यांचा मुलगा; त्याच्या लाँचचं इंजिन त्या ओळखायच्या. कुणी कानाशी ओरडलं, तर त्यालाच दटावायच्या, "बोंबलतोस कशाला? मी काय भैरी हाय?"

नातीचं बोलणं कळावं म्हणून ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायचं ठरलं; त्याचा बाहेरचा भाग काढता-लावता येणारा. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनमध्ये उरलेलं ऐकणं जाऊ शकतं. ते वाचावं म्हणून आधीपासून या स्टेरॉइडच्या गोळ्या द्या. खात्री नाही, पण मदत होते."

घरात औषधं मीच द्यायचो. स्टेरॉइड म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. माझी बायको दम्यावर तसल्याच गोळ्या खाऊन सुजली आणि गेली. त्यात वहिनींना साखर. डॉक्टरांना ते ठाऊक होतं, तरी माझी भीती हटेना. गुरवाकडून ग्रामदेवतेच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी कळ्या चिकटवून कौल लावला: गोळ्या द्यायच्या का? उजवी कळी पडली. म्हणजे द्या.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

गुरव माझ्याकडे बघत राहिला. "देवान सांगितलान ना एकदा?"

"लाव तू."

या वेळी डावी पडली. गोळ्या डब्यातच राहिल्या.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या दिल्या ना?" मी मान हलवली. ती हललेली बघून वहिनी हसल्या. "भावजी हायत ना, मग मना कसली भीती?"

यंत्र लागलं. नात "आजी" म्हणाली तशा वहिनी रडल्या. पण यंत्र काढलं की काहीच नाही. एकदा बंदरावर ते काढून बसल्या होत्या. प्रकाशने खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकल्या. मग मला म्हणाल्या, "भावजी, दर्या मेला काय हो?"

गोळ्यांनी ते ऐकणं वाचलंच असतं, असं नाही. पण न वाचण्याची सोय मी करून ठेवली.

एका दुपारी त्या यंत्र काढून अंगणात सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होत्या. मी मागे उभा राहून म्हणालो, "वहिनी, त्या गोळ्या मी दिल्याच नाहीत. चुकलो मी."

सोडे निवडणं चालूच राहिलं. मग माझी सावली दिसली असावी, वळल्या.

"काय बोलत होतात? थांबा, मशीन लावते."

त्यांनी यंत्र लावलं, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय नाय," मी म्हणालो. "चहा टाका."