अण्णांची पहिली तोड

ज्या दिवशी मला कळलं की माझे सासरे परसात गांजा पिकवतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मला ऑस्ट्रेलियाची नागरिक व्हायचं होतं.

समारंभ, हार, चहा-केक असं काही नव्हतं. करोनाने सगळंच स्क्रीनवर आणून ठेवलं होतं, तशी शपथही आणली होती. पण त्या शपथेपर्यंत पोचायला मी कितीतरी महिने सरकारला पटवत होते की माझं चारित्र्य उत्तम आहे. (लग्नाच्या वेळी सासरच्यांना हेच पटवायला एक कांदेपोह्यांची बशी पुरली होती!)

सासरे म्हणजे अण्णा. मूळचे परभणीचे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. उन्हाळ्याच्या तोंडावर सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनबेराला आले आणि परतीची वेळ झाली तेव्हा विमानंच बंद! माझा नवरा समीर हॉस्पिटलमध्ये नर्स, त्यामुळे त्या दिवसांत तो घरी फक्त झोपायला यायचा. मी जेवणाच्या टेबलावरून ऑफिस चालवत होते, तेरा वर्षांची इरा बेडरूममधून शाळा चालवत होती आणि परसाचा पूर्ण ताबा अण्णांकडे होता.

निवृत्तीनंतर अण्णांना नैसर्गिक शेतीचं वेड लागलं होतं. आल्या आल्या त्यांनी आमच्या मागच्या अंगणातली मूठभर माती उचलली, वास घेतला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात म्हणाले, "माती मेली आहे."

"अण्णा, विकत आणलीय हो ती. चांगल्या दुकानातली आहे."

"मेलेलीच विकली. आधी तिला जिवंत करायची, मग तिच्याकडे काही मागायचं."

मग दोन पिंपं आली. पहिल्यात शेणखत, गूळ, बेसन आणि दुसऱ्या कुणाच्या तरी बागेतली जिवंत माती. हे जीवामृत. ते सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दुसऱ्यात दहा झाडांचा पाला कुजवलेला अर्क. इथे कडुनिंब कुठला मिळायला! त्यामुळे अण्णांनी निलगिरी, लिंबू, टोमॅटो, मिरची, लसूण अशी आघाडी सरकारासारखी जुळवाजुळव करून दहाचा आकडा गाठला. वास असा, की इराच्या टीचरने स्क्रीनवरून तिला विचारलं, "इरा, आर यू ओके, स्वीटी?"

त्याच दिवसांत इंडियन दुकानात पिठांची झुंबड उडाली होती. घरटी एकच पाकीट मिळायचं.

"अण्णा, बेसन कुठे गेलं?"

"जिवाणूंना घातलं."

"आणि आपण काय खायचं?"

"आपल्याला तांदूळ आहेत की! त्यांना कोण आहे?"

शेजारचा गॅरी तक्रार घेऊन येणार याची मला खात्री होती. गॅरी म्हणजे निवृत्त प्लंबर, बारा महिने हाफ पँट. तो आला, पण हातात जॅमची रिकामी बाटली घेऊन! त्याचीही दोन झाडं होती, कुंडीतली, अगदी मलूल. अण्णांनी कुंपणावरून ती पाहिली आणि बाटलीत अर्क भरून दिला. आठवड्यात झाडं टवटवीत! तेव्हापासून दोघं रोज दुपारी कुंपणाच्या दोन बाजूंना दीड मीटरचं अंतर ठेवून उभे राहायचे. गॅरी त्यांना 'ॲना' म्हणायचा आणि अण्णा बँकेच्या पत्रासारखं इंग्रजी बोलायचे, "काइंडली अव्हॉइड केमिकल्स, मिस्टर गॅरी."

अण्णांचं मुख्य पीक होतं अंबाडी. सिडनीच्या देवळात एका तेलुगू आजोबांनी त्यांना बियांची पुडी दिली होती. पहिली पेरणी गारांनी झोपवली, दुसरी मात्र कमरेएवढी झाली. मी अलिबागची. अंबाडी मी जन्मात पाहिली नव्हती. अण्णा सांगतील ती अंबाडी!

शेवटी एका सकाळी अण्णांनी पाला तोडला. मी कढई गॅसवर चढवली, तर म्हणाले, "अं हं! पहिली तोड घरात शिजवायची नाही. आधी पाच घरी द्यायची."

"अण्णा, लॉकडाऊन आहे."

"दारात ठेवून ये. पण एक पान चावून बघ आधी, जीभ कशी..."

मला मीटिंग होती. मी पान चावलं नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी चावलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.)

मीटिंग संपल्यावर मी गाडी काढली, पाच ओळखीच्या मराठी घरांच्या दारात पाच जुड्या ठेवल्या आणि घरी येऊन कॅनबेरातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांचा झाडांसोबतचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या परसातलं पहिलं पीक! आवडलं तर सांगा, भरपूर आहे!'

दुपारी कपडे काढायला मागे गेले, तर कुंपणावर गॅरीचं डोकं.

"सुप्रिया! युअर फादर-इन-लॉ इज अ लेजंड!" मग आवाज खाली आणून, "पण अकरा झाडं, मेट? लिमिट इज फोर पर हाउस. माझी दोन बघ, मी आपला नियमात. मी चुगली करणार नाही, पण बी केअरफुल, हं."

"कसलं लिमिट?"

"कॅनबिस, लव्ह!" गॅरीने अण्णांच्या अंबाडीकडे कौतुकाने पाहिलं. "तीस वर्षांत इतकी सुंदर झाडं पाहिली नाहीत. हे लिव्हिंग सॉइल, हे पिंपातलं टी... मला ते आता कळायला लागलंय."

मी गॅरीच्या कुंडीकडे पाहिलं. मग आमच्या वाफ्याकडे पाहिलं. हाताच्या पंजासारखी तीच पानं, तेच दातेरी काठ! आत धावले, फोनवर गांजाची चित्रं शोधली. तीच पानं. कायदा उघडला. कॅनबेरात नुकतीच घरी लावायला परवानगी मिळाली होती, माणशी दोन, घरटी चार. इथवर ठीक. पुढची ओळ वाचली आणि मी खुर्ची शोधून बसले. दुसऱ्याला देणं हा गुन्हा!

आणि मी तर पाच घरी पोचता केला होता! वर फोटो काढून, स्वतःच्या नावानिशी, 'भरपूर आहे' असं लिहून!

पोस्ट आधी खोडली. इरा मागे येऊन उभी होती.

"ओ माय गॉड. अण्णा इज लिटरली अ डीलर."

"हळू बोल!"

"नो, वेट. अण्णा ओन्ली ग्रोज इट. डिलिव्हरी तू केलीस. मम, यू आर द डीलर."

देवळात अनोळखी माणसाने दिलेली पुडी! तीही आता मला वेगळीच दिसू लागली. समीरला फोन लावला, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. उद्या सकाळी मी कॅमेऱ्यासमोर या देशाचे कायदे पाळायची शपथ घेणार होते. त्याआधी पाचही जुड्या परत आणायला हव्या होत्या. पण अण्णांना सांगणार काय? ज्या सासऱ्यांसमोर मी आजवर साधं 'वाइन' म्हटलं नव्हतं, त्यांना म्हणू, 'अण्णा, तुम्ही गांजा लावलाय'?

"अण्णा, तो पाला परत आणायला हवा."

"दिलेली पहिली तोड परत आणतात? काय गोंधळ घातलायस तू? चल, मीच येतो."

आणि ते आले. आपण कुणाकडे जातोय म्हटल्यावर रिकाम्या हाताने जायला नको, म्हणून सोबत जीवामृताची बाटलीही घेतली.

पहिल्या दोन घरी नशीब उघडलं. माणसं आत, जुडी बाहेर! उचलली आणि पळाले. तिसरं घर कुलकर्णी वहिनींचं. त्या बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट दिवसभर दारात क्वारंटाइन करत. जुडी जागेवरच होती. मी चवड्यांवर चालत गेले, उचलली आणि दारावरची कॅमेऱ्याची बेल वहिनींच्या आवाजात बोलू लागली.

"सुप्रिया? अगं, सकाळी ठेवलीस आणि आता चोरून नेतेस?"

"वहिनी, ते... फवारणी जरा जास्त झालीय. औषधाची."

गाडीची काच खाली होती. मी येऊन बसले तेव्हा अण्णा समोर बघत होते.

"सुप्रिया, कोणती फवारणी?"

"अण्णा, नंतर सांगते."

"माझ्या पिकावर? औषध?" ते माझ्याकडे वळले. "सात वर्षं झाली, मी रासायनिक डबा हातात धरलेला नाही. त्यापेक्षा मी विष कालवलं असं सांगायचं होतंस!"

मला इतकं वाईट वाटलं की तिथेच खरं सांगून टाकणार होते. पण 'गां'च्या पुढे जीभ जाईना.

चौथं घर डॉक्टर कांबळ्यांचं. दारातूनच त्यांच्या मिसेस दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "अहो, काय आणलंत! आम्ही नांदेडचे, किती वर्षांनी मिळाली. लगेच भाजी केली. काय आंबट, काय चव! पोरांनी तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या."

"पोरं... कुठे आहेत?"

"झोपलीत! दुपारी कधी म्हणून झोपत नाहीत, आज बघा कशी शांत!"

म्हणजे चढली होती पोरांना! (त्या 'आंबट' म्हणाल्या होत्या, पण गांजा आंबट असतो की गोड हे मला काय माहीत! आमच्या घराण्यात सुपारीसुद्धा लपवून खातात.)

पाचव्या घरी दोन विद्यार्थिनी राहत. त्यांनी जुडी साबणाच्या पाण्याने धुतली होती आणि वाळायला कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगली होती. एकेक डहाळी! रस्त्यावरून स्वच्छ दिसत होती. मी थेट अंगणात घुसले, नाकातोंडाला ओढणी बांधलेली, आणि डहाळ्या ओरबाडून कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबू लागले. मागे गाडी थांबल्याचा आवाज आला.

"आफ्टरनून. एव्हरीथिंग ऑल राइट हियर?"

पोलीस! उंच, तरुण बाई, दीड मीटर अंतर राखून उभी.

खरं म्हणजे मी 'कपडे काढतेय' म्हणू शकले असते. पण मी नागरिक होणार होते ना! मी दोन्ही हात वर केले आणि एका दमात सगळं कबूल केलं. इट इज कॅनबिस, ऑफिसर. अकरा झाडं. पाच घरं. दोन मुलं बेशुद्ध. सासरे निर्दोष आहेत, त्यांना वाटतं भाजी आहे. पुडी देवळात मिळाली. उद्या दहा वाजता माझी शपथ आहे. आणि मग मी रडायलाच लागले.

बाईंनी शांतपणे पिशवीत डोकावून पाहिलं. एक डहाळी उचलली, उलटसुलट केली.

"हू टोल्ड यू दिस इज कॅनबिस?"

"गॅरी."

तेवढ्यात अण्णा गाडीतून उतरले. एका हातात तपकिरी पाण्याची बाटली. इंग्रजीचा वेग त्यांना झेपला नव्हता, पण पोलीस आपल्या पाल्याकडे संशयाने बघतेय आणि सून रडतेय एवढं दिसत होतं. त्यांना वाटलं, फवारणीची तक्रार इथवर पोचली!

"मॅडम! नो केमिकल! प्युअर!" असं म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला, मूठभर पाला तोंडात कोंबला आणि तिच्यासमोर उभं राहून तो चावून चावून खाल्ला. मला वाटलं, आता अण्णाही गेले.

पोलीस बाई हसू दाबत होत्या. त्यांनी डहाळीच्या टोकाला आलेलं छोटंसं लाल बोंड मला दाखवलं.

"दॅट्स रोझेला, डार्ल. माझी ग्रँडमा क्वीन्सलंडला याचा जॅम करायची. कॅनबिसला असलं बोंड येत नाही." मग वही खिशात ठेवत म्हणाल्या, "गुड लक फॉर टुमॉरो. आणि आधी त्या मुलींना विचारून मग त्यांच्या अंगणात जा."

म्हणजे ती अंबाडीच होती! तिथेच गवतावर बसले आणि रडता रडता हसायला लागले. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं! कांबळ्यांची पोरं बेशुद्ध नव्हती, तीन भाकऱ्या खाऊन माणसासारखी झोपली होती!

परतताना सिग्नल लागेपर्यंत मी अण्णांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "गांजा?"

"अण्णा, सॉरी..."

"माझ्या अंबाडीला?" आणि ते जे हसत सुटले, ते मागच्या गाडीने हॉर्न वाजवेपर्यंत. डोळे पुसत म्हणाले, "अगं, गांजा गॅरीकडे आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यानेच सांगितलं पहिल्या दिवशी. रीतसर विचारलं मी, कायद्यात बसतं का म्हणून. बसतं म्हणाला. मुळं सडली होती बिचाऱ्याची. शेजाऱ्याचं झाड आजारी असलं तर नाही कसं म्हणायचं?" मग गंभीर होऊन, "पण त्या फवारणीचं काय? चार लोकांत माझं नाव गेलं. ग्रुपवर खरं काय ते लिही."

"सगळं?"

"सगळं."

माझी अब्रू की त्यांची, असा सरळ प्रश्न होता. मी लिहिलं. पाचच मिनिटांत इतके हसरे चेहरे आले की फोन गरम झाला.

संध्याकाळी अण्णांनी भाजी केली, लसणाची फोडणी देऊन. पहिल्याच घासाला माझे डोळे मिटले, इतकी आंबट! सकाळी एक पान चावलं असतं तर! गॅरीला खरं कळल्यावर त्याने कुंपणावरून अण्णांकडे फार करुणेने पाहिलं. "पुअर ओल्ड ॲना," तो मला हळूच म्हणाला, "एवढी मेहनत, आणि शेवटी निघाला पालक!"

दुसऱ्या दिवशी दहाला शपथ झाली. कायदे पाळीन म्हणताना माझा आवाज सगळ्यांत खणखणीत होता, कारण न मोडलेल्या कायद्यासाठीही रडून दाखवणारी त्या स्क्रीनवर मी एकटीच होते.

आता मी इथली नागरिक आहे, चारित्र्यही उत्तम आहे. फक्त परवा कुलकर्णी वहिनींनी आपल्या कुंडीतल्या कोथिंबिरीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सुप्रिया, ही आमटीत घालू, की कबूल करू?'