नातवंडांच्या वाटणीची माती

जनाआत्या रानातून घरी निघाली, की आधी बांधावर बसायची. तळव्यांना चिकटलेली माती खरवडायची, खुरप्याची झाडायची आणि परत सरीत टाकायची. मी कन्हेरीत नवी नवरी म्हणून आले, तेव्हा शेजारच्या रानातलं हे ध्यान पाहून मला हसूच फुटलं. तिनं मलाच दरडावलं, "दात काय काढती गं? तुझं बी पाय झाड. नातवंडांच्या वाटणीची हाय ती!" अगं बाई, माझ्या तेव्हा पोराचाही पत्ता नव्हता!

तशी तोंडाची फटकळ. बांध कोरणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. पण पावसात कुठं ओघळ पडला, तर भिजत जाऊन दगड लावायची, मग रान कुणाचं का असेना.

नव्वदनंतर बारामती भराभर वाढत होती. जो तो घर बांधत होता आणि वीटभट्ट्यांना माती पुरत नव्हती. आत्याचा मुलगा दत्तू एका भट्टीवाल्याशी बोलून आला. उसाच्या रानातली वरची कमरभर माती द्यायची, बदल्यात घरापुरत्या विटा घ्यायच्या.

ट्रॅक्टर आला तशी आत्या वाटेत फतकल मारून बसली.

"आई, पोरांसाठीच बांधतोय की घर," दत्तू गयावया करत होता. "रान कुठं पळून चाललंय?"

"खाली मुरूम हाय. पोरं काय मुरूम खात्याल? ही काळी काय तुझ्या बानं केली व्हती? त्याला बी आयतीच मिळाली व्हती."

शेवटी त्यानं तिला उचलून बांधावर ठेवलं. ट्रॉल्या भरताना ती नुसती बघत राहिली. मला दत्तूचा फार राग आला. अजूनही येतो.

घर झालं, वास्तुशांत झाली. आत्या काही उंबरा ओलांडेना. गोठ्यात बाज टाकून राहिली. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली, "लेकरांच्या ताटातलं काढून भिंती केल्यात, पोरी. तितं मला झोप लागंल व्हय?"

रानात पुन्हा ऊस लावला, तो गुडघ्यावर गेला नाही. तेही तिनं पाहिलं.

त्याच वर्षी थंडीत ती गेली. दत्तू धाय मोकलून रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, आईला निदान आता तरी घरात घेऊ." चार माणसं पुढं झालीसुद्धा. मी बाजेच्या आडवी उभी राहिले.

"भावजी, जित्तेपणी आली न्हाय. आता तिला बोलता येत न्हाय, म्हणून नेता व्हय?"

दत्तूनं पुढं झालेल्या माणसांना हातानं मागं सारलं. आत्याला आम्ही गोठ्यातूनच नेलं.